वाकड्या पंख्याखालचं ग्रहण

आत्याने ग्रहण समजून घ्यायचं ठरवलं ते काही विज्ञानाच्या ओढीने नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. विज्ञानाचं आणि तिचं शाळेतच फाटलं होतं आणि पुढे दोघांनीही एकमेकांची कधी चौकशी केली नव्हती. प्रश्न भाचीचा होता.

भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, सहावीतली, दुसऱ्या शहरात राहणारी. पूर्वी सुट्टी लागली की ती आत्याकडे यायची आणि घरातल्या यच्चयावत उशा गोळा करून हॉलमध्ये किल्ला बांधायची. मागच्या खेपेला मात्र उशा जागच्या हलल्या नाहीत. ती सोफ्याच्या कोपऱ्यात फोन घेऊन बसली आणि दुपारी जेवताना तिने अगदी सभ्यपणे विचारलं, "बाबा किती वाजता येणारेत?" त्या सभ्यपणाचंच आत्याला लागलं. पोरीने पाय आपटले असते, कंटाळा आला म्हणून भोकाड पसरलं असतं, तर आत्याने तिला दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. पण घरच्या माणसाने पाहुण्यासारखं वागायला सुरुवात केली की त्यावर बोलायचं तरी काय?

त्यानंतर फोनवर दोघींचं बोलणं एकाच साच्यातलं व्हायचं. कशी आहेस, बरी, अभ्यास, चाललाय, थांब हं आईला देते. त्यामुळे एका संध्याकाळी भाचीने आपणहून फोन केला तेव्हा आत्याला आधी वाटलं, कुणाला तरी बरं नाही. पण पोरीला फक्त विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात एका रविवारी सूर्यग्रहण आहे असं शाळेत सांगितलं होतं, तर ते होतं कसं?

आत्या हरखली. हे तिला येत होतं. सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये चंद्र आला की त्याची सावली आपल्यावर पडते, ते सूर्यग्रहण. पृथ्वी मध्ये आली की तिची सावली चंद्रावर पडते, ते चंद्रग्रहण. तिने हे एका दमात सांगितलं आणि शाबासकीची वाट बघत थांबली.

"ते माहितीये गं," भाची म्हणाली. "पण चंद्र तर दर अमावास्येला मध्ये येतो ना? मग दर महिन्याला ग्रहण का नाही होत?"

आत्या पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसायची. पाणी का आलं नाही, आलं तर गढूळ का आलं, असे प्रश्न विचारणारे लोक दिवसभर तिच्यासमोर रांग लावून उभे असत, आणि कुठल्याही प्रश्नाला तिच्याकडे एकच ठेवणीतलं उत्तर असे: संबंधित विभागाकडे पाठवते. ते उत्तर अगदी जिभेवर आलंही होतं. पण सूर्य-चंद्राचा संबंधित विभाग कुठला? आणि मुख्य म्हणजे, ते उत्तर दिलं की लोक निघून जातात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"ते फोनवर नाही कळायचं," ती म्हणाली. "ये तू. प्रत्यक्ष दाखवते."

"खरंच?" भाचीने विचारलं. त्या 'खरंच'मध्ये उशांच्या किल्ल्याच्या दिवसांतलं काहीतरी होतं. आत्याने फोन ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला उत्तर अजिबात माहीत नाही.

माहिती काढायला ती पहिल्यांदा वरच्या मजल्यावरच्या सरांकडे गेली. सर निवृत्त होते आणि आयुष्यभर भूगोल शिकवून त्यांचा आवाज असा झाला होता, की ते मीठ मागायला आले तरी त्यावर पाच गुणांचा प्रश्न येईल असं वाटायचं. त्यांनी आत्याला बसवलं, तीन पेले एका रेषेत मांडले आणि बराच वेळ बोलले. आत्याने मान डोलावून डोलावून शेवटी भाचीचा प्रश्न विचारला. सरांनी पेल्यांकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग ते गंभीरपणे म्हणाले, "हे आमच्या वेळी अभ्यासक्रमात नव्हतं." आणि त्यांनी तिन्ही पेले उचलून आत नेऊन ठेवले.

तेव्हा आत्याने ठरवलं की आपलं आपण करून बघायचं. आता करून बघणाऱ्या माणसाला सगळं घर प्रयोगशाळेसारखं दिसायला लागतं. लोकरीचा निळा गुंडा दिसला की पृथ्वी. टेबललँप दिसला की सूर्य. चंद्र तिने कार्यालयातून आणला: पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो ना, टाकी भरली की नळ बंद करणारा, तसला एक जुना तांब्याचा गोळा भंगारात पडला होता. हातात घेतला तर चांगला वजनदार. चंद्र कसा भारदस्तच हवा, असं तिचं मत पडलं.

राहिला प्रश्न चंद्राला फिरवायचं कुणी हा. एकट्या माणसाच्या घरात ही मोठी अडचण असते. एका हातात सूर्य धरला, दुसऱ्यात पृथ्वी, की चंद्राला हात उरत नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणता आलं असतं, जरा धर गं, जरा फिरव रे. आत्या हॉलच्या मधोमध उभी राहून आढ्याकडे बघायला लागली (हताश माणसं आढ्याकडेच बघतात), आणि तिथे तिला पंखा दिसला.

तिने पंख्याच्या एका पात्याला दोरी बांधली, दोरीला चंद्र लटकवला. पंख्याखाली स्टुलावर बादली पालथी घालून तिच्यावर निळी पृथ्वी ठेवली. खिडकीपाशी कपाटावर सूर्य पेटवला. पंखा सुरू करायचा नाही हे तिला कळत होतं, ती काही अगदीच हे नव्हती. झाडूच्या दांड्याने पातं हळूहळू ढकललं की चंद्र झुलत झुलत पृथ्वीभोवती फेरी मारायचा. फार सुरेख दिसत होतं. आणि प्रत्येक फेरीला, न चुकता, चंद्राची सावली बरोबर लोकरीच्या गुंड्यावर पडत होती. दर महिन्याला ग्रहण. आत्याने दांड्याने पाच-सहा महिने ढकलले. प्रत्येक वेळी ग्रहण.

म्हणजे भाचीचं बरोबर होतं आणि विश्वाचं चुकत होतं.

अशा वेळी दार वाजलं. समोरच्या काकू आल्या होत्या. काकूंची एक सवय आख्ख्या इमारतीला माहीत होती: कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की त्या आधी पंख्याचं बटण दाबायच्या आणि तो थेट पाचावर न्यायच्या. मग बसायच्या, मग बोलायच्या. घरच्या यजमानांची परवानगी वगैरे प्रकार त्यांनी केव्हाच निकालात काढला होता. आत्याने तोंड उघडेपर्यंत त्यांचा हात भिंतीपर्यंत पोचला होता.

पुढचं इतक्या भरभर घडलं की त्याचं वर्णन करणं म्हणजे अन्यायच. चंद्राने पृथ्वीभोवती दोन-तीन वर्षं एका श्वासात उरकली. बादली उडाली. पृथ्वी उलगडत उलगडत सोफ्याखाली गेली. काकू "अगं बाई" म्हणून खाली बसल्या ते बरं झालं, कारण त्यांच्या डोक्याची जागा चंद्राने लगेच वापरली. पंखा कण्हला, त्याची दांडी करकरत वाकली, दोरी तुटली आणि तांब्याचा गोळा गॅलरीतून बाहेर, उघड्या अवकाशात निघून गेला. मग खालून धाडकन आवाज आणि त्यामागोमाग इमारतीच्या सेक्रेटरींचा आवाज.

गोळा सेक्रेटरींच्या स्कूटरच्या मडगार्डवर पडला होता.

सेक्रेटरी नियमाने चालणारे. तोंडी भांडण त्यांना मंजूर नव्हतं. तक्रार लेखीच द्यायची, आणि तीही जिन्याखालच्या तक्रारपेटीत. आता या पेटीची किल्ली कुणाकडे? आत्याकडे. तक्रारींचा अनुभव आहे म्हणून इमारतीने तिलाच ती दिली होती, आणि महिन्याच्या सभेत पेटी उघडून तक्रारी वाचून दाखवायचं कामही तिचंच. त्यामुळे सगळ्या बिऱ्हाडांसमोर उभं राहून आत्याने स्वतःच्या आवाजात, स्पष्ट उच्चारांत वाचलं, की दुसऱ्या मजल्यावरून एक चंद्र पडल्यामुळे वाहनाचं नुकसान झालं आहे, सदर चंद्र ताब्यात घेतलेला असून संबंधितांनी ओळख पटवून तो घेऊन जावा. "संबंधित कोण?" मागून कुणीतरी विचारलं. "मी," आत्या म्हणाली. एवढी वर्षं ती जो विभाग शोधत होती तो अशा रीतीने सापडला.

तिने चंद्र सही करून ताब्यात घेतला. लोक हसले, वाईट हसले नाहीत, पण हसले. जिन्यात मागून तिला ऐकू आलं, "एकटी असते ना. असं होतं मग." कोण म्हणालं ते तिने वळून बघितलं नाही. वळून बघितलं असतं तर त्या माणसाला ओशाळं वाटलं असतं, आणि पुढे जिन्यात भेटल्यावर दोघांनाही त्रास.

घरी आल्यावर तिने दिवा लावला. पंखा एका बाजूला मान टाकून लटकत होता. तिला भाचीला फोन करावासा वाटला. काय सांगणार, की ये, पण उत्तर नाही? फोन हातात धरून ती थोडा वेळ बसली. मग केवळ हातांना काम हवं म्हणून तिने चंद्र पुन्हा पात्याला बांधला, गुंडा गुंडाळून बादलीवर ठेवला आणि दांड्याने पातं ढकललं.

पंखा वाकडा असल्यामुळे चंद्राची वाटही आता वाकडी झाली होती. खिडकीच्या बाजूला तो वर चढायचा, समोरच्या भिंतीकडे खाली उतरायचा. सूर्य होता खिडकीपाशी. चंद्र त्याच्या आणि पृथ्वीच्या मधून गेला, पण वरून गेला. त्याची सावली गुंड्याच्या डोक्यावरून सटकली आणि भिंतीवर पडली. ग्रहण झालं नाही. आत्याने परत ढकललं. पुन्हा नाही. तिला आधी वाटलं की आपण उरलंसुरलंही बिघडवलं. आणि मग ती झाडूच्या दांड्यासकट जागच्या जागी थिजली.

चंद्र मध्ये येत होता. दर महिन्याला येत होता. फक्त जरा वरून जात होता.

तिने लँप उचलला. वायर पुरेना, मग जोडवायर आणली, आणि सूर्य हातात घेऊन ती हॉलभर हिंडायला लागली. दोन पावलं सरकायची, लँप टेकवायची, चंद्र ढकलायची, सावली बघायची. सोफ्यापाशी, नाही. पुस्तकांच्या फळीपाशी, नाही. स्वयंपाकघराच्या दारात मात्र सावली सरळ येऊन निळ्या लोकरीवर काळ्या टिकलीसारखी बसली. आणि चंद्र पलीकडे गेला तेव्हा तो स्वतः पृथ्वीच्या सावलीत बुडाला. सूर्यग्रहण आणि चंद्रग्रहण, एकाच फेरीत. तिथून पुढे सरकली तर पुन्हा काही नाही. मग थेट समोरच्या टोकाला, चपलांच्या कपाटापाशी, पुन्हा दोन्ही. संपूर्ण खोलीत अशा दोनच जागा होत्या, एकमेकींच्या समोरासमोर. खोलीची एक फेरी म्हणजे वर्ष. वर्षातून दोनदाच ते तिघे खरोखर एका रेषेत येतात. एरवी चंद्र येतो, पण कधी वरून निघून जातो, कधी खालून.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून परतताना तिने वाचनालयात जाऊन पुस्तकात पडताळून पाहिलं. चंद्राची कक्षा तिरकी असते, पाचेक अंशांनी. छापलेलं होतं. तिने वाचनालयाच्या बाईंना ते दाखवलंही. बाई म्हणाल्या, पुस्तक परत वेळेत आणा.

मग तिने भाचीला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाली, की तयार आहे, ग्रहणाच्या रविवारी ये, राहायला ये. भावाने होकार दिला. आत्याने दोन उशांचे अभ्रे धुतले. मग विचार करून सगळ्याच उशांचे धुतले.

आता एक नवाच पेच उभा राहिला: पंखा सरळ होऊ द्यायचा नाही. काकूंनी अपराधी वाटून वायरमनला पाठवलं. तो शिडी घेऊन आला तर आत्या दारातच आडवी. "असू दे, वाकडाच बरा आहे." वायरमन चक्रावला. त्याचंही खरं होतं. त्याने सांगितलं की ताई, हा पंखा मीच लावलाय, उद्या कुणी बघितलं तर नाव माझं जाईल. त्याने दोनदा विनवलं, एकदा रागावला, आणि जाताना पंख्याकडे अशा नजरेने बघून गेला जसं कुणी आजारी नातेवाइकाला परक्यांच्या घरी सोडून जावं.

ऐन उकाड्यात आत्या पंख्याविना राहिली. कुणी विचारलं तर सांगायची, रविवारनंतर बघू. काकू तिच्याकडे आल्या की सवयीने हात भिंतीकडे जायचा आणि चटका बसल्यासारखा मागे यायचा. गच्चीच्या किल्लीचा अर्ज वेगळाच गाजला. अर्जावर कारणाच्या जागी वाळवण, दुरुस्ती आणि टाकी असे तीनच पर्याय होते, ग्रहणाला जागाच नव्हती. सेक्रेटरींनी खूप विचार करून ते 'दुरुस्ती'त बसवलं. सही करताना त्यांनी आत्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात विचारलं, "आत्या, तुमचं सगळं ठीक आहे ना?" (तेही तिला आत्याच म्हणायचे. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होते, पण भाचीने लहानपणी जिन्यात हाका मारमारून इमारतीला तीच सवय लावली होती.) ठीक आहे, ती म्हणाली. तिचा चेहरा इतका आनंदी होता की सेक्रेटरींना भलतीच काळजी वाटली.

रविवार उजाडला. भावाला दर वेळी गल्ली सापडत नसे, दर वेळी तो पुढे जाऊन वळून यायचा आणि दर वेळी रस्त्यावर खापर फोडायचा; म्हणून आत्या हमरस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. शेवटी गाडी आली. भाची पुढच्या सीटवर, कानात ते गाणी ऐकायचं बोंडुकलं. तिने ते काढलं आणि हसली. जरा उंच झाली होती.

"ताई, रात्री नाही हं राहणार," भाऊ काच खाली करून म्हणाला. "उद्या हिचा क्लास आहे. मी कामं उरकून सहाला येतो घ्यायला."

"हो का? बरं, बरं," आत्या म्हणाली. आणखी एकदा "बरं" म्हणाली. अभ्र्यांचं काही बोलली नाही.

जिना चढताना तिने भाचीला सांगितलं की डोळे मिट, मी म्हणेन तेव्हा उघड. दाराला किल्ली लावायला गेली तर दार उघडंच. काकूंकडे जादा किल्ली असायची. आत हॉलमध्ये काकू, सेक्रेटरी आणि वायरमन तिघं रांगेत उभे होते, हातात हार तेवढा नव्हता. फरशी पुसलेली. बादली मोरीत गेलेली. दोरी, गुंडा आणि चंद्र एका पिशवीत नीट बांधून ठेवलेले. आणि वर, आढ्यापासून काटकोनात, नवीन दांडीवर, पंखा सूं सूं फिरत होता.

"आम्ही म्हटलं, पोरगी येतेय, उकाड्यात कशी बसणार?" काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम्ही कुणाला कधी काही सांगत नाही, आत्या. आम्हीच ठरवलं मग."

वायरमनच्या चेहऱ्यावर तर मोठं दुखणं बरं केल्याचं समाधान होतं.

आत्याला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. एवढ्या वर्षांत शेजाऱ्यांनी तिच्यासाठी एवढं पहिल्यांदाच केलं होतं, आणि त्यांनी नेमकं तेच केलं होतं जे करायला नको होतं. रडावं तर कशासाठी रडतोय ते कळेना. तिने तिघांचे आभार मानले.

"उघडू?" भाचीने विचारलं. ती अजून दारात डोळे मिटून उभी होती.

"उघड," आत्या म्हणाली.

भाचीने डोळे उघडले, स्वच्छ हॉल पाहिला, सरळ पंखा पाहिला, तीन हसरे चेहरे पाहिले. "काय बघायचंय?" तिने विचारलं. अगदी सभ्यपणे. आणि तिचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

तो हात बघितला आणि आत्या एकदम तक्रारीच्या खिडकीवरची बाई झाली. "फोन ठेव. इथे खुर्चीवर बस. हा गुंडा धर. तू पृथ्वी." मग ती सेक्रेटरींकडे वळली. "तुम्ही सूर्य. हा लँप घ्या." सेक्रेटरी म्हणाले की मी जरा निघणारच होतो, पण एवढी वर्षं सभेत आत्याचा आवाज त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या तक्रारी वाचताना ऐकला होता, या आवाजाची त्यांना सवय नव्हती. त्यांनी लँप घेतला. काकूंना वायर सांभाळायला दिली. वायरमनने न सांगता पंखा बंद केला.

आणि चंद्र आत्याने स्वतः घेतला. पंखा सरळ तर सरळ. तिरकं चालायला तिला पंख्याची गरज नव्हती. तांब्याचा गोळा हातात धरून ती भाचीभोवती फिरायला लागली. खिडकीच्या बाजूला आली की स्टुलावर चढायची, गोळा उंच धरायची. उतरून पुढे जायची आणि समोरच्या भिंतीपाशी पोचली की गुडघ्यांवर बसून गोळा खाली न्यायची. गुडघे वाजायचे. पुन्हा उठायची, पुन्हा स्टूल. "बघ, ही अमावास्या. मी मध्ये आले ना? आले. सावली कुठे पडली?"

"माझ्या डोक्यावरून गेली," भाची म्हणाली.

"सूर्य, पुढे सरका."

"सूर्य फिरतो का पण?" सेक्रेटरींनी तांत्रिक हरकत घेतली.

"पृथ्वी फिरते, पण तिला आत्ता बसवलंय. सरका."

सूर्य सरकला, काकूंच्या हातातली वायर त्याच्यामागे सरकली. चंद्र धापा टाकत स्टुलावर चढला, उतरला, बसला, उठला. सूर्य स्वयंपाकघराच्या दारात पोचला आणि चंद्र मधोमध आला तेव्हा आत्या ना वर होती ना खाली. आणि काळी टिकली येऊन निळ्या लोकरीवर बसली.

भाचीने सावलीकडे पाहिलं. मग आत्याकडे, मग सूर्याकडे. "म्हणजे तो येतो दर वेळी," ती सावकाश म्हणाली. "फक्त आपल्याला लागत नाही."

"हो."

"थांब," भाची उठली. "तू पृथ्वी हो. मी चंद्र होते. तुझे गुडघे वाजतायत."

ती चंद्र झाली ती वेगातच झाली, आणि आत्या खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत राहिली. सूर्याने मध्येच तक्रार केली की हात दुखतो. कुणी लक्ष दिलं नाही.

खरं ग्रहण दुपारनंतर लागलं. गच्चीवर दोघीच गेल्या. सूर्याकडे बघायचं नाही, पाठ करून उभं राहायचं, असं आत्याने दहादा बजावलं. पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून फरशीवर उजेडाचा एक छोटा ठिपका पडला होता आणि त्याचा एका बाजूने कुणीतरी घास घेतला होता. भाचीने पुठ्ठ्याला पेनाने आणखी भोकं पाडली, आणि फरशीभर चावलेले सूर्य पसरले. तिने फोटो काढला नाही. आत्याने हे मनात टिपून ठेवलं, पण बोलून दाखवलं नाही. काही गोष्टी बोलल्या की बिघडतात. हळूहळू ठिपके पुन्हा गोल व्हायला लागले आणि खाली हॉर्न वाजला.

गाडीत बसताना भाचीने विचारलं, "पुढच्या अमावास्येला काय होणार?"

"काहीच नाही. तो सूर्याच्या जरा वरून निघून जाईल."

"मग मी ते बघायला येऊ?"

"अगं, त्यात बघण्यासारखं काही नसतं."

"चाचणी आहे तिची," भाऊ गाडी सुरू करत म्हणाला. "बघू, ताई. फोन करतो." गाडी वळली आणि भावाने नेहमीप्रमाणे चुकीच्या बाजूचा सिग्नल दिला.

महिना आपल्या गतीने गेला. खिडकीवर रांगा लागल्या, पाणी गढूळ आलं, मग स्वच्छ आलं, मग आलंच नाही. भावाचा फोन एकदा आला, पण तो गॅसच्या पुस्तकाचं विचारायला. अमावास्येच्या दिवशी आत्या कार्यालयातून लवकर निघाली आणि गच्चीची किल्ली मागायला गेली. कारण काय लिहू, सेक्रेटरींनी विचारलं. आत्याला पटकन सांगता येईना. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग कारणाची जागा कोरीच ठेवून किल्ली दिली. नियमाच्या माणसाने हे कसं केलं असेल, त्याचं त्यालाच ठाऊक.

गच्चीवर ऊन होतं, वारा होता, दुसरं काही नव्हतं. अख्खा गोल सूर्य होता. त्याच्या बाजूला कुठेतरी चंद्र असणार होता, आणि तो कुणालाच दिसत नव्हता. आत्या कठड्याला टेकून उभी राहिली. आपण इथे का आलो हे कुणी विचारायला नव्हतं ते बरं, असं तिला वाटलं. आणि मग तितकंसं बरं नाही, असंही वाटलं.

फोन वाजला.

"आत्या, मी आमच्या गच्चीवर आहे," भाची म्हणाली. तिला धाप लागली होती, जिने चढून आली असावी. "काहीच दिसत नाहीये."

"सूर्याकडे बघू नकोस."

"नाही बघत गं. मग कुठे बघू?"

"जरा वर. त्याच्या बाजूला."

पलीकडे ती बघत असावी. "तुला दिसतंय काही?"

"नाही," आत्या म्हणाली. "मलाही नाही."

"पण आहे ना तो तिथे?"

"आहे."

"भारी," भाची म्हणाली, आणि मग काहीच म्हणाली नाही. आत्याही काही म्हणाली नाही. फोनमधून तिकडच्या वाऱ्याचा आवाज येत होता, इकडे इकडचा वारा होता. थांब हं आईला देते, असं कुणी म्हणालं नाही.

खालून सेक्रेटरींनी हाक मारली, की गच्ची बंद करायची वेळ झाली. आत्याने कठड्यावरून वाकून त्यांना हाताने थांबायची खूण केली, आणि कानाला लावलेल्या फोनकडे बोट दाखवलं. तिचं बोलणं चालू होतं.